सेंद्रिय डाळ-ज्वारी गिऱ्हाईक नेमकं कशासाठी घेतं, आणि दुसऱ्यांदा का येत नाही?

तेरणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या २० शेतकऱ्यांच्या गटासाठी विचारतोय. माल म्हणजे तूर (बीडीएन-७११), रब्बीची मालदांडी ज्वारी, थोडी हळद आणि गूळ. पीजीएस-इंडियात (गटातल्या शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासून प्रमाणित करायची सरकारी पद्धत) नोंदणी झालेली आहे, रसायनी शेतीतून सेंद्रियात जाण्याचा म्हणजे रूपांतराचा काळ चालू असल्यामुळे सध्या ‘ग्रीन’ चिन्हच मिळतं. विक्री लातूर आणि छत्रपती संभाजीनगरात, रविवारी टेबल मांडून, आणि आठवडाभर व्हॉट्सअॅपवर.

टेबलाशी थांबणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, “आता सेंद्रियच खायला पाहिजे.” त्यातले थोडे घेतात. घेतलेल्यांपैकी परत येणारे त्याहून थोडे. डाळीचा दर बाजारापेक्षा किलोमागे ४० रुपये जास्त आहे.

विचारायचं ते असं: माणूस सेंद्रिय माल घ्यायला नेमका कशामुळे तयार होतो? तोंडाने हो म्हणणारा खिशात हात का घालत नाही? आणि एकदा घेतलेला सुटतो कुठं? गटात दोन मतं पडली आहेत. काही जण म्हणतात बोर्डावर ‘विषमुक्त’ मोठ्या अक्षरात लिहा, बाजारातल्या डाळीत काय काय फवारलेलं असतं ते सांगा, लोक आपोआप वळतील. बाकीचे म्हणतात दर उतरवा. दोन्हींतलं एक करण्याआधी जाणकारांचं ऐकायचं आहे.

शाळू

तेरणाकाठ, दोन्ही करू नका.

कारणांपासून सुरू करतो. जगभरातल्या बहुतेक पाहण्यांत लोक सेंद्रिय घेण्याचं पहिलं कारण आरोग्य सांगतात. चव, पर्यावरण, शेतकऱ्याला मदत ही कारणं त्यानंतर येतात, त्यांचा क्रम देशागणिक बदलतो. पण ‘आरोग्य’ हा शब्द फार ढोबळ आहे. एरवी वर्षानुवर्षं एकाच दुकानातून डाळ नेणारं घर ठराविक वेळेलाच हलतं: सून गरोदर असते, बाळाला सहा महिने पूर्ण होऊन वरण-भाताचं पाणी सुरू होतं, घरात कुणाला साखर निघते किंवा नात्यात कुणाला मोठा आजार निघतो. त्या दोन-तीन महिन्यांत त्या घरची बाई चौकशी करते, पाकीट उलटून वाचते, दोन पैसे जास्त द्यायला तयार असते. तुमचं टेबल तिला त्याच वेळी दिसलं पाहिजे. रविवारच्या गर्दीत शंभर माणसं थांबतात, पण अशी गरज असलेली त्यात चार-पाच असतात. बाकीचे खोटं बोलत नाहीत, त्यांना ते पटलेलंच असतं. फक्त आज घरात डाळ आहे आणि नेहमीचा वाणी उधार देतो.

दुसरा मोठा गट आपल्याकडे वेगळाच आहे, आणि पुस्तकी यादीत तो सापडत नाही. नोकरीसाठी शहरात आलेली पहिली पिढी. गावाकडं जमीन वाट्याने दिलेली किंवा विकलेली. यांना ‘सेंद्रिय’ या शब्दाचं फारसं पडलेलं नसतं, त्यांना गावाकडच्या ज्वारीची भाकरी हवी असते. त्यांच्याशी कीटकनाशकाचं बोलत बसलात तर ते पुढं जातील. ‘मालदांडी, औसा तालुका, काळं रान, या रब्बीची’ एवढं लिहिलंत तर थांबतील. आणि हे लोक अजूनही वर्षाचं धान्य भरतात. फेब्रुवारीअखेर ते मे या काळात ५० किलो, क्विंटल अशी खरेदी एकदम होते. जुलैत किलो-किलोची पाकिटं घेऊन त्यांच्यापुढं उभं राहून उपयोग नाही.

आता बोलणं आणि घेणं यांतलं अंतर. सेंद्रियपणा हा बघून कळत नाही, खाऊनही कळत नाही. टोमॅटो लाल आहे हे डोळ्यांना दिसतं, आंबा गोड आहे हे खाल्ल्यावर समजतं. तूर कशी पिकवली हे वरण खाऊन कधीच समजणार नाही. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी अशा मालाचा वेगळा वर्गच मांडला होता: ज्याचा गुण वापरल्यानंतरही पारखता येत नाही आणि विकणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणून जो गुण दिसत नाही त्याचा अंदाज माणूस दिसणाऱ्या गोष्टींवरून बांधतो. दाणा निवडलेला आहे का, पाकिटात पोरकिडे आहेत का, विचारल्यावर विकणारा अडखळला का, मागच्या वेळी होता तो माणूस आज आहे का. डाळीत एक खडा निघाला तर गिऱ्हाइकाच्या मनात ‘निवडली नाही’ एवढंच येत नाही, ‘मग बाकीचं तरी खरं कशावरून’ हेही येतं.

दर उतरवण्याचा सल्ला इथंच उलटतो. पारखता न येणाऱ्या मालात किंमत हीच एक खूण असते. बाजारापेक्षा पाचच रुपये जास्त लावलेत तर ‘सेंद्रिय आणि एवढं स्वस्त?’ असा संशय येतो. दर तोच ठेवा, पाकीट लहान करा. पहिल्या वेळेसाठी अर्ध्या किलोचं. ९० रुपयांत करून बघता आलं पाहिजे.

आणि फरक किलोला सांगू नका, महिन्याचा सांगा. समजा चौघांच्या घरात महिन्याला ३ किलो तूरडाळ लागते: ४० रुपयांप्रमाणे १२० रुपये. हळद २५० ग्रॅम लागते, किलोला १५० रुपये जास्त धरले तरी महिन्याला साडेसदतीस. ज्वारी १५ किलो, किलोला १५ रुपये जास्त, म्हणजे २२५. आणि रोज किलोभर भाजी, २० रुपये जास्त, म्हणजे ६००. याच कारणाने सेंद्रिय भाजीपाला घेणारं घर दोन महिन्यांत मागं सरतं आणि हळद घेणारं टिकतं. गिऱ्हाईक आत यायचं दार हळद आणि डाळ आहे, ज्वारी त्यामागून येते.

‘विषमुक्त’वाल्या बोर्डाबद्दल: भीतीने पहिली खरेदी होते हे खरं आहे. पण भ्यालेलं गिऱ्हाईक तुमच्या डाळीकडंही त्याच नजरेने बघू लागतं. उद्या कुणी त्याला सांगितलं की सेंद्रियाच्या नावाखाली काहीही विकतात, तर ते सगळ्यात आधी सुटतं. शिवाय ‘विषमुक्त’ म्हणालात की एका तपासणीत काही निघालं तर तुमच्याकडं बोलायला जागा उरत नाही. ‘फवारणी कशाची केली’ हे सरळ लिहा: निंबोळी अर्क ५ टक्के, एचएनपीव्ही (घाटेअळीला मारणारा विषाणू), कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग अडकवणारे). वाचणाऱ्याला त्यातलं सगळं कळणार नाही, पण लपवलेलं काही नाही हे नक्की कळेल.

रानमेवा

शाळू यांच्याशी बरंचसं सहमत. पण सेंद्रिय मालात जीवनसत्त्वं आणि पोषण जास्त असतं हा मुद्दा सांगायला काय हरकत आहे? लोकांना तेच ऐकायचं असतं. ‘ताकद जास्त’ म्हटलं की लगेच पटतं.

शाळू

हरकत आहे, कारण तेवढं ठामपणे सांगण्यासारखा पुरावा नाही. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्न लक्षणीय जास्त पोषक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही, कीटकनाशकांच्या अवशेषाशी संपर्क कमी होऊ शकतो असं मात्र निघालं. २०१४ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त, कॅडमियम (विषारी धातू) कमी आणि अवशेष आढळण्याचं प्रमाण कमी दिसलं. म्हणजे अवशेष कमी, यावर दोन्हींचं जुळतं. पोषणावर नाही. आपण तेवढंच बोलावं जेवढं टिकेल. डॉक्टर किंवा शिक्षक गिऱ्हाईक असेल तर एका चुकीच्या वाक्याने बाकीची खरी वाक्यंही पडतात. ‘कॅन्सर होत नाही’, ‘शुगर उतरते’ हे तर पाकिटावर, बोर्डावर किंवा व्हॉट्सअॅपवर कुठंच नको. रोग बरा होण्याचे दावे अन्नपदार्थाला कायद्याने करता येत नाहीत.

मांजरा

परत न येण्याबद्दल लिहितो, कारण तो भाग बहुतेक वेळा स्वयंपाकघरात घडतो आणि विकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, फक्त येत नाही.

पहिली गोष्ट कीड. ‘किडे पडले म्हणजे औषध नाही, म्हणजे खरं सेंद्रिय’ असं टेबलावर सांगणारे आहेत. कृपा करून हे सांगू नका. किडे पडले म्हणजे साठवण चुकली, एवढाच त्याचा अर्थ. तुरीतला भुंगेरा शेतातूनच येतो. शेंगा वाळायला लागल्या की मादी त्यावर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि खळ्यावर दाणा वरून साबूत दिसतो. मार्च-एप्रिलच्या उष्णतेत ती भुंगेरे होऊन बाहेर पडतात. म्हणून अख्खी तूर पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. काढणी झाली की कडक उन्हात पातळ पसरून दाण्यातला ओलावा ९-१० टक्क्यांवर आणा (दाताखाली कटकन फुटला पाहिजे, दबता कामा नये) आणि एप्रिलअखेर डाळ करून मोकळे व्हा. डाळीवर हा भुंगेरा तितकासा वाढत नाही, त्याला अख्खा दाणा लागतो. ज्वारीत सोंडकिड्याचा त्रास आहे, तिथंही १० ते १२ टक्क्यांच्या आत ओलावा आणि हवाबंद आतली पिशवी असलेल्या गोण्या. गोणी बांधताना हवा दाबून काढायची, तोंड पिळून दुमडून घट्ट बांधायचं आणि मध्येच ‘बघू तरी’ म्हणून उघडायची नाही. उघडली की आत पुन्हा हवा भरते आणि केलेलं वाया जातं. किलो-अर्धा किलोच्या पाकिटांना व्हॅक्यूम पॅकिंग.

दोन चुका हमखास होतात. एक, माल भाड्याच्या सामायिक गोदामात ठेवणं. तिथं धुरी द्यायची तर ती सगळ्या गोदामाला दिली जाते, आणि अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सेंद्रियात चालत नाहीत. दुसरी, खताच्या रिकाम्या गोण्या वापरणं. धुऊनसुद्धा नको.

डाळमिल हा तिसरा धोका. तुमच्या आधी कुणाची तरी साधी तूर निघालेली असते, आणि घमेल्यात, पन्हाळीत, चाळण्यांत ती अडकलेली असते. मशीन झाडून घ्या, आणि आपली पहिली २५-३० किलो तूर वेगळी काढून साधी म्हणून विका. पॉलिश नको हे मालकाला आधी बजावून सांगा, नाहीतर सवयीने पाणी-तेलाचा हात फिरतो. बिनपॉलिशची डाळ फिकी आणि थोडी धुळकट दिसते, गिऱ्हाइकाला ती जुनी वाटते. पाकिटावर ‘बिनपॉलिशची, म्हणून चकाकी नाही, दोनदा धुवा’ एवढं लिहिलं तर शंका तिथंच मिटते.

आता शिजणं. ‘तुमची डाळ शिजत नाही’ ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि बऱ्याचदा दोष पाण्याचा असतो. आपल्याकडं बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनशी घट्ट बांधलं जातं, दाणा बाहेरून मऊ आणि आत कणीदार राहतो. त्याच घरात गोड्या पाण्यात तीच डाळ तीन शिट्ट्यांत मेणासारखी होते. पाकिटामागं लिहा: अर्धा तास भिजवा, पाणी जड असेल तर भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी वापरा, मीठ-चिंच डाळ शिजल्यावर.

ज्वारीचं पीठ विकत असाल तर दळल्याची तारीख टाका, नाहीतर पीठ विकूच नका. दोन-तीन आठवड्यांत पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडेनं चिरते, तव्यावर फुगत नाही. बाई म्हणणार, सेंद्रिय ज्वारीला चव नाही. ज्वारी चांगली होती, पीठ जुनं होतं.

गुळाचं थोडक्यात: पिवळाधमक गूळ बघायची सवय लागलेली आहे, तो रंग हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) टाकून येतो. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला गूळ तांबूस-चॉकलेटी होतो. पण काळा गूळ म्हणजे आपोआप चांगला असंही नाही. काहिलीत लागला तरी काळा होतो, चोपण (क्षारयुक्त) जमिनीतल्या उसाचाही होतो आणि तो खारट लागतो. आणि ‘रसायनविरहित गूळ’ व ‘सेंद्रिय उसाचा गूळ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुऱ्हाळावर काही न टाकता केलेला गूळ खत-फवारणीच्या उसाचाही असू शकतो. तुमचा जो असेल तोच शब्द लिहा.

गोदाकाठ

वरच्या मंडळींनी कारणं सांगितली, ती तुमच्या गिऱ्हाइकाला लागू आहेत का हे तुम्हीच तपासा. फार खर्च नाही, पण विचारायची पद्धत महत्त्वाची.

‘तुम्ही सेंद्रिय घ्याल का?’ हा प्रश्नच टाका काढून. त्याला ‘नाही’ म्हणणं लोकांना बरं वाटत नाही, म्हणून टेबलाशी सगळे हो म्हणतात. त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचारा. मागच्या महिन्यात डाळ कुठून आणली? किती? काय भावानं? कोण गेलं होतं आणायला? आवडली नाही तर काय केलं? शेवटचं सेंद्रिय म्हणून काय घेतलं आणि ते संपल्यावर पुन्हा का नाही आणलं? दोन वेगळ्या वस्त्यांमधली ३०-४० घरं पुरेत, पण बोलणं स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी झालं पाहिजे. पैसे देणारा आणि रांधणारा वेगवेगळे असतात, आणि दुसऱ्या खरेदीचा निकाल रांधणाऱ्याकडं असतो.

कारण मिळालं की तिथं थांबू नका. “मुलांसाठी घेतो” म्हणाले तर विचारा, मुलांसाठी म्हणजे काय होईल असं वाटतं? असं तीन-चार वेळा खाली उतरलात की खरा शब्द हाती लागतो. कुणाचा पोटदुखीवर येतो, कुणाचा ‘सासूबाई म्हणतात’ यावर. बोर्डावर लिहायचे शब्द तिथून उचला, जसेच्या तसे.

एक सावधगिरी. लोक सेंद्रिय, नैसर्गिक, गावठी, देशी, लाकडी घाण्याचं, बिनपॉलिशचं, घरगुती हे सगळं एकाच टोपलीत टाकतात. घाण्याचं करडईचं तेल घेणाऱ्या माणसाला आपण सेंद्रियच घेतोय असं वाटत असतं, पण घाणा ही काढायची पद्धत झाली, करडई कशी पिकवली ते वेगळं. भौगोलिक मानांकनाचंही तेच. वसमतची हळद, बोरसुरीची तूरडाळ, जालन्याची दगडी ज्वारी, बीडचं सीताफळ यांची मानांकनं त्या भागाची ओळख सांगतात, सेंद्रियपणाची हमी देत नाहीत. गिऱ्हाईक नेमकं यातलं काय विकत घेतंय हे कळल्याशिवाय तुम्ही चुकीची गोष्ट छापत राहाल.

दराची परीक्षा बोलून होत नाही. दोन पाकिटं शेजारी ठेवा: एकावर फक्त चिन्ह, दुसऱ्यावर चिन्हासोबत गाव, गट नंबर, काढणीचा महिना, डाळ केल्याची तारीख. दर एकच. चार रविवार कुठलं जास्त उचललं जातं ते वहीत लिहा. जागा आणि वेळ बदलू नका, नाहीतर फरक पाकिटाचा की जागेचा हे कळणार नाही.

आणि मार्गशीर्षातली वेळ अमावस्या वाया घालवू नका. लातूर-धाराशिवकडं येळवस म्हणजे शहर रिकामं होऊन रानात जातं, आणि ज्यांचं रान राहिलं नाही ती माणसं कुणी बोलावतंय का बघत असतात. भज्जी, आंबील, उंडे, कडब्याची कोप, हे सगळं तुमच्याकडं तसंही होणारच असतं. नियमित घेणाऱ्या २५-३० घरांना बोलवा. त्या दिवसांत तूर शेंगांवर असते, ज्वारी पोटरीत-निसवणीत (कणीस बाहेर पडण्याच्या टप्प्यात) असते. कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग आणि शेजारच्या शेताकडून (तिकडचा फवारा अडवायला) सोडलेला पट्टा हे दोन त्यांना स्वतः चालत जाऊन बघू द्या. बघितलेलं रान माणूस विसरत नाही.

तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. प्रयोगशाळेचा अहवाल टेबलावर लावला तर विश्वास वाढेल का, आणि नमुना एकत्र करून पाठवला तर चालेल का? २० जणांचे २० नमुने परवडत नाहीत. आणि ‘ग्रीन’ चिन्हाबद्दल गिऱ्हाईक विचारतं तेव्हा काय सांगायचं?

हळकुंड

अहवालाचा उपयोग होतो, पण नीट केला तरच. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची प्रयोगशाळा घ्या. बहुअवशेष तपासणीला (एकाच नमुन्यात अनेक कीटकनाशकं शोधणारी) एका नमुन्यामागं काही हजार रुपये जातात, त्यामुळं एकत्र नमुन्याचा मोह होतो. गणित बघा. समजा २० पैकी एकाच्या तुरीत ०.१ मिलिग्रॅम प्रतिकिलो अवशेष आहे. वीस जणांचा माल सारखा मिसळला तर नमुन्यात तो ०.००५ वर येतो. प्रयोगशाळेची मोजण्याची खालची मर्यादा बहुधा ०.०१ असते. अहवाल येणार ‘आढळले नाही’, आणि दोषी पोतं तसंच विकलं जाणार. पाच-पाच जणांचे चार नमुने केलेत तर तोच अवशेष ०.०२ वर राहतो आणि पकडला जातो. ज्या पाचात सापडेल तेवढेच पाच पुन्हा वेगळे तपासायचे. नमुना काढताना प्रत्येक पोत्यात वर, मध्ये, खाली नळी टोचून दाणे काढा, सारखे मिसळा, त्याचे दोन भाग करा. एक प्रयोगशाळेला, एक सही-तारखेसह सीलबंद तुमच्याकडं.

कुठल्या तपासण्या हे लेखी ठरवून घ्या. नेहमीच्या बहुअवशेष यादीत ग्लायफोसेट येत नाही, त्याची पद्धत वेगळी आहे. मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशकंही वेगळी सांगावी लागतात, आणि हळदीत करप्यासाठी तेच जास्त वापरलं जातं. हळदीला शिसं तपासाच. पाण्याच्या ग्लासात हळद टाकून बघायची घरगुती चाचणी फार तर मिसळलेला रंग दाखवते, कीटकनाशकाचं तिला काही कळत नाही. ती टेबलावर करून ‘बघा, सेंद्रिय’ म्हणणं चुकीचं आहे.

मर्यादा किती, हेही माहीत असू द्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांनुसार सेंद्रिय मालात कीटकनाशकाचा अवशेष साध्या मालाच्या कमाल मर्यादेच्या ५ टक्के किंवा मोजता येणारी किमान पातळी, यांतलं जे जास्त असेल त्याच्या आत हवा. ‘शून्य’ असं त्यात कुठंही नाही. शेजारच्या कापसावरून वाऱ्याने फवारा येतोच. म्हणून बांधाकडच्या ओळी वेगळ्या काढा, त्या साध्यात विका, आणि मका किंवा शेवरीचा पट्टा पेरणीआधी ठरवा. पीक उभं राहिल्यावर पट्टा आठवून उपयोग नाही.

‘ग्रीन’बद्दल सरळ खरं सांगा: रसायनं बंद केली आहेत, हंगामी पिकांना २४ महिने पूर्ण व्हावे लागतात, अमुक महिन्यात आमचे होतील. तारीख सांगितली की लोक वाट बघतात. पीजीएस म्हणजे गटातल्याच शेतकऱ्यांनी एकमेकांची शेतं तपासायची. गिऱ्हाईक विचारणार, “म्हणजे तुम्हीच तुमचं प्रमाणपत्र देणार?” तेव्हा चिडू नका. तपासणीचा भरलेला फॉर्म दाखवा आणि पुढच्या तपासणीला यायचं निमंत्रण द्या. एनपीओपीचं (केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) प्रमाणपत्र त्रयस्थ संस्था देते, निर्यातीला तेच लागतं, तुम्हाला लातूर-संभाजीनगरसाठी त्याची घाई नाही. छोट्या उत्पादकाने थेट खाणाऱ्याला विकताना प्रमाणपत्राची सूट आहे, पण ‘जैविक भारत’ हे सेंद्रिय अन्नाचं सरकारी चिन्ह प्रमाणपत्राशिवाय छापता येत नाही. दुकानांत ठेवायला देणार असाल तर प्रमाणपत्र लागणार असं धरूनच चाला. अन्नसुरक्षेचा १४ अंकी नंबर मात्र पाकिटावर हवाच.

हळदीला एक वाट सुचवतो. संक्रांत ते रथसप्तमी हळदी-कुंकवाचं वाण लुटतात. ५० ग्रॅमची पाकिटं, वर गावाचं नाव. एका घरातून वीस-तीस घरांत तुमची हळद पोचते, आणि ज्या बाईने वाण दिलं तिची ओळख तिला चिकटलेली असते. कुठल्याही बोर्डापेक्षा हा भरवसा मोठा. नवी हळद जानेवारी-मार्चमध्ये निघते, शिजून वाळायला पुढं वेळ जातो, तेव्हा वाणासाठी आदल्या वर्षीचा मालच लागणार. त्याची पूड करून ठेवू नका, रंग आणि वास उडतो. हळकुंडं तशीच कोरडी ठेवा आणि डिसेंबरात दळा.

तेरणाकाठ

नमुन्याचं गणित डोळे उघडणारं आहे, पाच-पाचाचेच करू. अजून एक: नियमित घेणारी ६० घरं धरली तर वर्षभराची किती तूर राखून ठेवावी? मागच्या खेपेला जुलैतच डाळ संपली होती.

मांजरा

संपली हेच परत न येण्याचं एक कारण. दोनदा ‘नाही’ ऐकलं की घर जुन्या वाण्याकडं जातं आणि तिथंच राहतं.

६० घरं, महिन्याला ३ किलो, १२ महिने: २,१६० किलो डाळ. मिलमध्ये १०० किलोला ७० किलो डाळ धरा, म्हणजे ३१ क्विंटल तूर. त्यात मिल साफ करायला जाणारी, बांधाकडची आणि नमुन्यात नापास होऊ शकणारी धरून ३५ क्विंटल राखा. कोरडवाहू तुरीला एकरी ३ ते ४ क्विंटल धरलं तर ९ ते १२ एकर. २० जणांना हे अवघड नाही, पण कुणी किती द्यायची ते पेरणीआधी लिहून घ्या. बाजार चढला की बाहेर विकायची घाई होते आणि ६० घरं उघडी पडतात. एप्रिलमध्ये सगळ्याची डाळ करून ३० किलोच्या हवाबंद गोण्यांत भरा, प्रत्येक गोणीवर शेतकऱ्याचा नंबर आणि तारीख. दर महिन्याला लागतील तेवढ्याच गोण्या फोडायच्या आणि त्याच आठवड्यात पाकिटं भरायची. चुनी-भुशाला गावातच जनावरांसाठी मागणी आहे, ते पैसे दळणावळीत वळते करा.